शनिवारची वल्ही

डोलीना मॅकास्किलच्या घरात शिरलं की डाव्या हाताला कोट अडकवायच्या खुंट्या होत्या, आणि त्यांच्याखाली शनिवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत चार वल्ही भिंतीला टेकून उभी असायची. नवखा माणूस हटकून त्यांना अडखळायचा. गावातला अडखळत नसे. तो चर्चमधून परतताना चहाला डोकावला तर आपली ओली टोपी त्यातल्याच एखाद्या वल्ह्यावर अडकवून मोकळा व्हायचा.

वल्ही ग्रीमव्हाल तळ्यावरच्या दोन होड्यांची. तळं लांबोळकं, डोंगराच्या कुशीत घुसलेलं. अलीकडच्या टोकाला गावातून येणारी पायवाट आणि एक होडी. पलीकडच्या टोकाला कडे, वरून उतरणारा ओढा आणि दुसरी होडी. मधला काठ इतका दलदलीचा की मेंढरूसुद्धा तिथे जायला कचरतं. पावसाळी दिवसांत समुद्रातून सॅमन आणि समुद्री ट्राउट चढून तळ्यात येत, आणि त्यांच्यापायी दुरून दुरून माणसं येत. तळं जहागिरीच्या मालकाचं, मासेही त्याचेच. होड्या राखायचं काम मात्र डोलीनाच्या वडिलांचं, नीलचं. नीलला मुलगा नव्हता. हात थरथरायला लागले तसं त्याने काम मुलीकडे दिलं, तेव्हा गाव हसलं होतं. बाईच्या हाती वल्हं म्हणजे कोंबडीच्या पायात बूट, असंही कुणी बोललं. बोलणाऱ्याला पुढच्या वादळात डोलीनानेच तळ्यावरून ओढून आणलं. त्यानंतर बुटांचा विषय निघाला नाही.

वडिलांनी कामासोबत एक रीतही सोपवली. शनिवारी दिवस कलला की दोन्ही होड्या काठावर ओढायच्या आणि वल्ही घरी आणायची. रविवार देवाचा, विसाव्याचा शब्बाथ. त्या दिवशी गावात दोरीवर कपडा वाळत पडत नसे, विहिरीला पोहरा लागत नसे, बटाटेसुद्धा आदल्या दिवशीच सोलून पाण्यात ठेवलेले असत. अशा दिवशी तळ्यावर होडी जाता कामा नये. “माणसावर भरवसा ठेव, पण वल्ही घरी आण,” असं नील म्हणायचा.

तिचा नवरा टॉर्किल समुद्रावरचा कोळी. जाळं ओढायच्या यंत्रात त्याचा पाय सापडला आणि समुद्र कायमचा सुटला. घरी बसलेला कोळी म्हणजे पावसात बांधून ठेवलेला कुत्रा. तो चिडायचा, गुरगुरायचा, रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांशी भांडायचा. डोलीनाला तो ‘कॅप्टन’ म्हणायचा, आणि त्यात कौतुक किती नि टोचणी किती हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पण शुक्रवार आला की टॉर्किल माणसात यायचा.

शुक्रवार गावाचा. जुन्या मालकाच्या आजाने केव्हातरी तोंडी शब्द दिला होता की मासे चढायच्या दिवसांत दर शुक्रवारी गावातल्या एका घराने तळ्यावर जावं. वसंतात चर्चमागच्या कुंपणाशी सगळे जमत, प्रत्येक घर आपली खूण एका टोपीत टाकी. कुणाचा शिंपला, कुणाचं बटण, कुणाचा गुळगुळीत दगड. ज्या क्रमाने खुणा निघतील त्या क्रमाने शुक्रवार. ज्या घरात होडीवर जाणारं कुणी उरलं नाही, त्या म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या घरांचीही खूण टोपीत असायचीच. त्यांच्या वतीने दुसऱ्याने गळ टाकायचा. आणि हा दुसरा बहुतेक वेळा टॉर्किल. डोलीना त्याला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसवून तळ्याशी आणी, होडीच्या मागच्या फळीवर गोधडीची उशी टाकून देई आणि वल्ही मारी. पाण्यावर पोचला की त्याचा पाय त्यालाच आठवत नसे. “डावीकडे घे, कॅप्टन! डावं म्हणजे तुझं डावं नव्हे, माझं!” त्याचा तो ओरडा कड्यावर आपटून परत येई. डोलीनाला वाटे, हा ओरडा ऐकण्यासाठी आपण जन्मभर वल्ही मारू.

मग जुना मालक वारला. वारसांनी जहागीर विकली आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या लेथब्रिज नावाच्या म्हाताऱ्याने ती घेतली. त्याचा कारभारी गिलमूर एके दिवशी गावात येऊन सांगून गेला. पुढच्या वर्षापासून तळं दिवसाच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायचा विचार आहे. शुक्रवार मध्येच रिकामा ठेवणं परवडणारं नाही. साहेब स्वतः येऊन राहतील, तळं बघतील आणि सोमवारी शाळेत सगळ्यांसमोर काय तो निर्णय देतील.

“कागद आहे का तुमच्याकडे?” जाता जाता गिलमूरने विचारलं.

“शब्द आहे,” डोलीना म्हणाली.

“ज्याने दिला त्याच्याबरोबर तोही पुरला गेला असणार,” गिलमूर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच डोलीनाला त्याच्यावर रागावताही आलं नाही.

टॉर्किल त्या दिवशी उजेड असतानाच अंथरुणात शिरला. त्याने रेडिओशीही भांडण केलं नाही.

लेथब्रिज आला, जहागिरीच्या बंगल्यात राहिला. मासेमारीचं त्याला वेड होतं, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. पाहुणा तळ्यावर जाणार असला की गिलमूर आधी डोलीनाला निरोप धाडी, मग ती होडी पुसून तयार ठेवी. त्या शनिवारी निरोप आला नाही. गिलमूर सकाळीच बंदरावर गेला होता. दिवस कलल्यावर डोलीना नेहमीसारखी अलीकडची होडी घेऊन पलीकडच्या टोकाला गेली. तिथली होडी काठावर ओढलेली होती. बसायची फळी ओली दिसली. आली असेल एखादी सर, असं ती मनाशी म्हणाली. वल्ही उचलली, आपल्या होडीत आडवी टाकली आणि परतली. अर्ध्या वाटेत मागचे कडे धुक्यात दिसेनासे झाले.

रविवारी सकाळी गाव काळे कपडे घालून चर्चला निघालं होतं. तेवढ्यात गिलमूरची गाडी डोलीनाच्या दाराशी करकचून थांबली.

“साहेब रात्री परतलेच नाहीत. अंथरुणाला सुरकुतीसुद्धा नाही. काल डोंगरावरच्या वाटेने एकटेच पलीकडे गेले होते. स्वयंपाकीणबाईला म्हणाले, पलीकडची होडी घेऊन मासे मारतो आणि वल्हवत अलीकडे येतो, वाट बघू नका.”

डोलीनाने मागे वळून पाहिलं. खुंट्यांखाली चार वल्ही उभी होती. टॉर्किलनेही पाहिलं. त्या दोघांच्या नजरेकडे पाहून गिलमूरनेही पाहिलं.

“ही...?”

“पलीकडची पण आहेत,” डोलीना म्हणाली. तिला आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. “मी आणली. फळी ओली होती रे टॉर्किल. मी पाहिली होती.”

“आता फळीचं काय घेऊन बसलीस! कोट घाल.”

रस्त्यावर फिन्ली उभा होता. फिन्ली तिचा मावसभाऊ आणि चर्चचा पंच. रविवारी कुत्र्याला शीळ घातली म्हणून त्याने कुत्र्याच्या मालकाला चारचौघांत झाडलं होतं. त्याने डोलीनाच्या खांद्यावरची वल्ही पाहिली आणि बायबल काखेतून हातात घेतलं.

“कुठे निघालीस?”

“माणूस अडकलाय, फिन्ली. माझ्यामुळे. तुला काय म्हणायचं ते उद्या म्हण.”

फिन्लीने धुक्याकडे पाहिलं. “शब्बाथच्या दिवशी बैल खड्ड्यात पडला तर त्याला बाहेर काढावं, असं शास्त्रात आहे.”

“हा बैल इंग्लंडचा आहे,” टॉर्किल दारातून ओरडला.

“शास्त्रात बैलाचं गाव दिलेलं नाही,” फिन्ली म्हणाला, आणि बायबल टॉर्किलच्या हाती देऊन त्याने दोन वल्ही स्वतःच्या खांद्यावर घेतली.

गिलमूर चार माणसं घेऊन डोंगरावरच्या वाटेने गेला. डोलीना आणि फिन्ली होडीने निघाले. फिन्ली काळा कोट, कडक कॉलर आणि टोपी अशा थाटात समोरच्या फळीवर बसून वल्ही मारत होता. एरवी हे दृश्य पाहून डोलीनाला आठवडाभर हसू आलं असतं. धुकं इतकं दाट की वल्ह्याची टोकं दिसेनात. मधूनमधून ती हाक मारी, आणि कड्याकडून तिचीच हाक परत येई. म्हातारा माणूस. थंडी. निसरडे दगड. काल संध्याकाळी नुसती एक हाक मारली असती तर! एवढी वर्षं वल्ही आणली, पण तिथे कुणी असेल असं कधी मनातही आलं नाही. कोण असणार?

“मेला असेल तर?” ती म्हणाली.

“मेला असेल तर आपण त्याला आणू. जिवंत असेल तरी आणू. वल्हव.”

“शुक्रवार तर गेलाच, फिन्ली. तो गेला ते मला कळतंय. पण माणूस नको जायला.”

फिन्ली वल्हवत राहिला. थोड्या वेळाने त्याने वल्ही थांबवली आणि मान वर करून हुंगलं. “पीट जळतंय.”

खरंच, ओल्या हवेत पीटच्या, दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, धुराचा वास होता. पलीकडच्या काठावर, पूर्वी उन्हाळ्यात गुरं घेऊन येणाऱ्या बायका राहत ती दगडी खोप अजून उभी होती. डोलीना तिथे अडीअडचणीला म्हणून थोडं पीट, काड्यापेटी आणि डब्यात ओटच्या भाकऱ्या ठेवायची. होडी नीट टेकायच्या आतच ती पाण्यात उतरली.

लेथब्रिज खोपीच्या दारात दगडावर बसला होता. अंगावर खोपीत पडलेली जुनी घोंगडी, दाढीला राख, आणि हातात भाकरीचा शेवटचा तुकडा.

“अखेर आलात!” तो म्हणाला. “चहा आणलाय का हो बाई?”

डोलीनाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ती तिथेच ओल्या गवतावर बसली. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने नुसताच थर्मास पुढे केला. बाहेर पडताना टॉर्किलने तो तिच्या खिशात कोंबला होता.

लेथब्रिजने दोन घोट घेतले. चहा पोटात गेला तसा त्याचा राग वर आला.

“काल मी ओढ्यावर वरच्या डोहात गळ टाकायला गेलो. उतरून येतो तर होडीत वल्ही नाहीत! कुणीतरी पळवली. धुक्यात डोंगर चढायची सोय नाही. रात्रभर बसून मी एकच विचार केला. ज्या गावातली पोरं असली चोरी करतात, त्या गावाला तळ्यावर एक दिवस तरी का द्यावा? उद्या शाळेत मी हेच बोलणार आहे.”

फिन्लीने डोलीनाकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे पाहिलं. तो पंच होता, पण भाऊही होता. त्याने तोंड मिटून घेतलं.

डोलीना उठून उभी राहिली. गप्प बसता आलं असतं. पोरांचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. न झालेल्या चोरीचा चोर कुणाला सापडत नसतो. पण उद्या शाळेत हाच शब्द सगळ्या गावावर पडणार होता.

“चोरी नाही झाली साहेब. वल्ही मी नेली.”

“तुम्ही? का?”

“शनिवारी नेतेच. माझे वडीलही न्यायचे. रविवारी कुणी होडी पाण्यात घालू नये म्हणून. पाहुण्यांनी नाही, गावानेही नाही. भूल पडायला नको म्हणून वल्हीच घरी नेतो. तुम्ही वर आहात ते मला कळलं नाही. हाक मारायला हवी होती, ती मारली नाही. ही चूक माझी. गावाची नाही.”

लेथब्रिजने थर्मास खाली ठेवला. “म्हणजे रविवारी या तळ्यावर कुणीच गळ टाकत नाही?”

“कुणीच नाही.”

“चोरूनसुद्धा?”

“कशाने चोरणार? वल्ही माझ्या दारात उभी असतात.”

लेथब्रिजच्या चेहऱ्यावर काहीतरी चमत्कारिक हललं. त्याने घोंगडी बाजूला केली, आत गेला आणि आपल्याच मनाविरुद्ध केल्यासारखं एक धूड बाहेर घेऊन आला. सॅमन होता. चांदीसारखा, पाठीला निळसर, त्याच्या हाताएवढा लांब.

“मला तर वाटलं होतं, हा दाखवून तुम्हाला चकित करीन,” तो म्हणाला. “पहाटे उजाडताना धुकं जरा फाटलं, डोहात उडी ऐकू आली. भूक लागली होती आणि... नाही, भूक नव्हती. खरं सांगतो. उडी ऐकू आल्यावर मला राहवलं नाही. आयुष्यात एवढा मोठा मिळाला नव्हता.”

फिन्लीने टोपी काढली. माणूस गेल्यावर काढतात तशी.

“साहेब,” डोलीना हळूच म्हणाली, “तुमच्याकडे चालत असेल. इथे नुसता देवाचा नाही, सरकारचाही कायदा आहे. रविवारी सॅमनला गळ लावायचा नाही. मालकानेसुद्धा नाही.”

लेथब्रिज कानापर्यंत लाल झाला. मासा धरलेला हात त्याला कुठे ठेवावा कळेना. “मग आता? मला पोलिसात देणार?”

“आज रविवार आहे,” फिन्ली म्हणाला. “आज आम्ही कुणाला कुठेच देत नाही.”

लेथब्रिज हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. “तुम्ही माझी वल्ही नेलीत, मी तुमचा रविवार नेला. कोण जास्त गुन्हेगार, बाई?”

“ते मला नका विचारू. मासा मोठा आहे, एवढं मात्र खरं,” डोलीना म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं. सकाळपासून छातीवर बसलेली धोंड त्या हसण्याबरोबर ओढ्यात घरंगळून गेली असं तिला वाटलं. शुक्रवार राहो की जावो. म्हातारा जिवंत होता आणि हसत होता.

मासा आणायचा की नाही यावर मात्र फिन्ली हटला नाही. रविवारचा मासा होडीत येणार नाही. तो ओढ्याच्या गार पाण्यात दगडाखाली ठेवावा, सोमवारी ज्याने मारला त्याने येऊन न्यावा. लेथब्रिजने शाळकरी पोरासारखी मान हलवली आणि दगड स्वतः उचलून ठेवला.

तेवढ्यात वरून गिलमूरची माणसं धुक्यातून उतरली. मालक जिता-जागता पाहून गिलमूरने पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं. फिन्ली म्हणाला, “ऐकू आलं बरं, गिलमूर. चर्चमध्ये जागा रिकामी आहे.”

सोमवारी डोलीना सकाळपासून घरातलं एकही काम धड करू शकली नाही. शाळेची वेळ दुपारची. टॉर्किलने दाढी केली, निळी जर्सी घातली आणि खुर्चीवर ताठ बसून राहिला. “तोंड असं काय केलंयस, कॅप्टन? फाशी द्यायला नेत नाहीयेत.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते. म्हणून तर दाढी केली.”

दारावर टकटक झाली. लेथब्रिज होता, पायी आलेला, बूट चिखलाने भरलेले. आत शिरताच तो खुंट्यांकडे गेला. वल्ही सकाळीच होड्यांवर गेली होती. भिंतीवर त्यांच्या टेकण्याचे चार गुळगुळीत डाग होते. त्याने त्या डागांवरून बोट फिरवलं.

“मासा आणायला गेलो होतो,” तो म्हणाला. “दगड बाजूला सारलेला. डोकं आणि शेपूट तेवढी शिल्लक. मधलं सगळं पाणमांजराने खाल्लं.”

टॉर्किलने मांडीवर थाप मारली. “पाणमांजर चर्चला जात नाही ना साहेब! त्याला वार कळत नाही.”

“वाटेत फिन्ली भेटले. म्हणतात, रविवारच्या माशाचा निकाल लागला.” लेथब्रिज खुर्ची ओढून बसला. “शाळेत सांगणारच आहे, पण आधी इथे सांगतो. शुक्रवार तुमचा. माझ्या हयातीत तो कुणाला भाड्याने जाणार नाही, आणि या वेळी गिलमूर ते लिहूनही देईल. दोन गोष्टी मात्र मला हव्यात. एक, वसंतात त्या टोपीत माझ्या घराचीही खूण पडू दे. मला शुक्रवारी यायचं असेल तर माझा नंबर लागेल तेव्हाच येईन.”

“आणि दुसरी?”

“शनिवारी वल्ही नेण्याआधी एक हाक मारत जा.”

टॉर्किल खुर्चीवरून उठला. त्याने रेडिओकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर पाहत उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. डोलीनाने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं. ते ठेवताना हात इतका हलका झाला होता की झाकण निसटून जमिनीवर गडगडत गेलं.

पुढच्या वसंतात टोपीत कोटाचं एक पितळी बटण पडलं. ते सगळ्यात शेवटी निघालं, म्हणून त्या घराचा शुक्रवार आला ऑक्टोबरात, मासे विरळ झाल्यावर. लेथब्रिजने तक्रार केली नाही. त्या शुक्रवारी टॉर्किल मागच्या फळीवर बसून त्याच्यावरही ओरडला. “तुमचं डावं नव्हे साहेब, माझं डावं!”

डोलीनाने पुढे बरीच वर्षं होड्या राखल्या. केस पांढरे झाले, खांदा दुखायला लागला, मग फिन्लीची नात सोबत येऊ लागली. शनिवारची रीत तीच राहिली, फक्त तिला एक शेपूट जोडलं गेलं. पलीकडच्या काठावर पोचली की ती तोंडाभोवती हात धरून ओढ्याच्या दिशेने मोठ्याने हाक मारी, “कुणी आहे का वर?” हाक कड्यावर आपटून परत येई. तिथे कुणीच नसायचं, हे तिला पक्कं ठाऊक असे. तरी ती थांबे, कान देई, आणखी एकदा हाक मारी, आणि मगच वल्ही खांद्यावर घेई.

घरी टॉर्किल विचारी, “काय कॅप्टन, दिली का कुणी ओ?”

“पाणमांजराने दिली,” ती म्हणे, आणि वल्ही खुंट्यांखाली आपापल्या डागांवर टेकवून ठेवी.